मलईदार अळंबीचा कॅसरोल : पोषण आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी

आहाराविषयी आपल्या समाजात आज पूर्वीपेक्षा अधिक बोलले जाते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु बोलणे वाढले तसे गैरसमजही वाढले. अळंबी, म्हणजेच मशरूम, हे त्याचे चांगले उदाहरण आहे. कोणी तिला 'शाकाहारी मटण' म्हणतो, कोणी तिच्यात सर्व जीवनसत्त्वे असल्याचे सांगतो, तर कोणी 'कुत्र्याची छत्री' म्हणून नाक मुरडतो. प्रस्तुत लेखात आम्ही अळंबीच्या एकाच प्रसिद्ध पदार्थाचा विचार करणार आहोत. दूध-लोण्याच्या दाट रसात अळंबी घालून ओव्हनमध्ये भाजलेला हा पदार्थ अमेरिकेत 'मशरूम कॅसरोल' या नावाने घरोघरी परिचित आहे. तो कोठून आला, तेथील लोकांच्या जीवनात त्याला कोणते स्थान आहे आणि त्यातून शरीराला नेमके काय मिळते, हे क्रमाने पाहू.

शब्द आणि भांडे

'कॅसरोल' म्हटले की आपल्या भगिनींच्या डोळ्यांसमोर चपात्या गरम ठेवण्याचा प्लॅस्टिकचा डबा येतो. मूळ अर्थ तो नव्हे. हा शब्द फ्रेंच भाषेतून आलेला असून त्याचा अर्थ पातेले असा आहे. पुढे इंग्रजीत मातीच्या, चिनी मातीच्या किंवा काचेच्या खोलगट, झाकणाच्या भांड्याला आणि त्या भांड्यात भाजलेल्या पदार्थालाही हेच नाव पडले. ज्या भांड्यात शिजवायचे तेच भांडे उचलून पंगतीत ठेवायचे, हे त्याचे वैशिष्ट्य. १९१५ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने पायरेक्स ही उष्णता सहन करणारी काच बाजारात आणली, तेव्हापासून काचेच्या भांड्यातील कॅसरोल सामान्य घरात पोचला.

यातील दाट पांढरा रसही मूळचा फ्रान्सचाच. लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालत गेले की तो तयार होतो. त्याला 'व्हाइट सॉस' म्हणतात. हा सॉस जमायला वेळ आणि सराव दोन्ही लागतात. घाई केली की गुठळ्या होतात.

खाणीतील पीक

अळंबी ही वनस्पती नव्हे, प्राणीही नव्हे. ती बुरशीच्या कुळातील आहे. तिला हरितद्रव्य नसते, म्हणून ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करीत नाही. कुजलेल्या पाल्यावर, खतावर किंवा लाकडावर वाढते. आज बाजारात मिळणारी पांढरी बटण अळंबी प्रथम फ्रान्समध्ये पॅरिसच्या परिसरात लागवडीखाली आली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसखालच्या, दगड काढून रिकाम्या झालेल्या चुनखडीच्या खाणींत घोड्याच्या लिदीच्या खतावर तिचे वाफे लावले जात. तेथे वर्षभर गारवा आणि ओल सारखी राहते, हे त्याचे कारण.

अमेरिकेत हे पीक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील केनेट स्क्वेअर या गावी फुलांची शेती करणाऱ्यांनी काचघरातील फुलांच्या मांडण्यांखालची रिकामी, अंधारी जागा वापरात आणावी म्हणून अळंबी लावून पाहिली. त्यातून इतका मोठा धंदा उभा राहिला की हे गाव स्वतःला जगाची अळंबी-राजधानी म्हणवून घेते आणि ते ज्या चेस्टर जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातून अमेरिकेतील निम्म्याहून अधिक अळंबी येते. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बाजारात ताजी विकली जाणारी अळंबी आजही बहुतांशी हातानेच खुडली जाते. ती एका दिवसात दुप्पट मोठी होऊ शकत असल्याने खुडणीला सुट्टी देता येत नाही. अंधाऱ्या, दमट खोल्यांत हे काम प्रथम इटलीहून आलेल्या मजुरांनी, पुढे पोर्तो रिकोच्या आणि त्यानंतर मेक्सिकोच्या मजुरांनी केले. ताटातील पांढऱ्याशुभ्र फोडीमागे हे कष्ट आहेत.

सूपच्या डब्याची करामत

कॅसरोल सर्वांच्या आवाक्यात आणला तो सूपच्या डब्याने. न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथील कॅम्पबेल कंपनीत जॉन डोरन्स या रसायनशास्त्रज्ञाने १८९७ साली आटवलेले सूप तयार केले. त्यातील बरेचसे पाणी काढून टाकल्याने डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली आणि गृहिणीने घरी पाणी घालायचे एवढेच काम उरले. याच कंपनीने १९३४ साली मलईदार अळंबीचे सूप काढले. तो काळ अमेरिकेतील महामंदीचा होता. हजारो घरांत रोजगार नव्हता. अशा वेळी गृहिणींच्या लक्षात आले की हे सूप पाणी न घालता तसेच ओतले तर तयार व्हाइट सॉसचे काम करते. शिल्लक भात, शेवया, बटाटे, उरलेले मांस किंवा डब्यातील मासे यांत एक डबा सूप मिसळून भाजले की पाच-सहा जणांचे जेवण होई. कॅसरोलचा प्रसार झाला तो प्रामुख्याने काटकसरीमुळे.

१९५५ साली कॅम्पबेल कंपनीच्या प्रयोगशाळावजा स्वयंपाकघरात काम करणाऱ्या डॉर्कस रायली यांनी फरसबी, अळंबीचे सूप, दूध, थोडा सोया सॉस, मिरपूड आणि वरून तळलेला कांदा असा एक कॅसरोल बसवला. बहुतेक घरांत आधीच असणाऱ्या वस्तूंतून पदार्थ व्हावा, एवढीच अपेक्षा होती. आज नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या 'थँक्सगिव्हिंग' या सणाच्या जेवणात हा पदार्थ असंख्य अमेरिकन घरांत असतो. २००२ साली रायली यांच्या मूळ पाककृतीचे कार्ड ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथील राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनाला देण्यात आले. २०१८ साली त्या वारल्या. विजेचा दिवा आणि विमान यांच्या संशोधकांच्या पंक्तीत एका भाजीची पाककृती जाऊन बसली, ही लहान गोष्ट नव्हे.

दुःखाच्या घरी पोचणारे भांडे

या पदार्थाचे खरे सामाजिक स्थान मात्र घराबाहेर आहे. मिनेसोटा आणि आसपासच्या राज्यांत कॅसरोलला 'हॉटडिश' म्हणतात. त्या नावाची एक जुनी पाककृती १९३० साली मँकाटो येथील एका लुथरन चर्चच्या महिला मंडळाने काढलेल्या पुस्तकात सापडते. चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण असले की प्रत्येक घरातून एक भांडे यायचे, ते लांब टेबलावर मांडायचे आणि सर्वांनी थोडे थोडे वाढून घ्यायचे, अशी तेथील रीत. अळंबीचे सूप या सर्व भांड्यांत इतके ठरलेले की त्याला गमतीने 'लुथरन मंडळींचा डिंक' अशा अर्थाचे नाव मिळाले. युटा राज्यातील मॉर्मन पंथीयांत अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी महिला संस्थेच्या सभासद मलईदार सूप व चीज घातलेला बटाट्याचा कॅसरोल करून आणतात. त्याचे नावच 'अंत्यविधीचे बटाटे' असे पडले आहे.

आपल्याकडेही मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना आग्रहाने दोन घास खायला लावतात. पदार्थ वेगळे, पण भावना तीच. जे आधी करून ठेवता येते, न सांडता नेता येते, कितीही माणसे आली तरी पुरवता येते आणि दात नसलेल्या वृद्धालाही खाता येते, तेच अन्न अशा प्रसंगी उपयोगी पडते. कॅसरोल या चारही कसोट्यांना उतरतो. त्याची लोकप्रियता केवळ चवीवर उभी नाही, हे यावरून ध्यानात येईल.

अळंबीत काय आहे, काय नाही

आता पोषणाकडे वळू. १०० ग्रॅम ताज्या पांढऱ्या अळंबीत सुमारे ९२ ग्रॅम पाणी असते. उरलेल्या ऐवजात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने, ३ ग्रॅम कर्बोदके, १ ग्रॅम चोथा आणि नाममात्र स्निग्धांश. उष्मांक अवघे २२. म्हणजे पोट भरल्यासारखे वाटते, पण वजन वाढत नाही. शिवाय 'ब' गटातील रायबोफ्लेविन सुमारे ०.४ मिलिग्रॅम आणि नायासिन सुमारे ३.६ मिलिग्रॅम मिळते. प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेचा हा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा होय. पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमच्या वर, आणि तांबे व सेलेनियम ही सूक्ष्म द्रव्येही आहेत. भाजी म्हणून अळंबी निश्चितच चांगली.

पण 'शाकाहारी मटण' या नावाचे काय? अळंबी वाळवून तिची पूड केली तर तिच्यात प्रथिनांचे प्रमाण शंभरात विसाच्या, कधी तिसाच्याही पुढे भरते. हाच आकडा जाहिरातीत सांगितला जातो. परंतु आपण पूड खात नाही, पाण्याने भरलेली ताजी अळंबी खातो. तिच्यात शंभरात तीनच! वाटीभर वरणाला लागणाऱ्या ३० ग्रॅम तूरडाळीत जितकी प्रथिने आहेत, तितकी मिळवायला २०० ग्रॅमहून अधिक अळंबी खावी लागेल. दोन्हींच्या किमतीची तुलना वाचकांनीच करावी. शिवाय प्रथिने मोजताना नायट्रोजन मोजला जातो आणि अळंबीतील काही नायट्रोजन तिच्या पेशींच्या भिंतीतील कायटिन या द्रव्यात अडकलेला असतो. खेकड्याच्या कवचातही तेच द्रव्य असते. ते आपल्याला नीट पचत नाही. म्हणून अळंबी कच्ची न खाता शिजवूनच खावी.

मग मटणाची आठवण का होते? त्याचे कारण चव. १९०८ साली टोकियोतील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे काढले आणि या चवीला 'उमामी' असे नाव दिले. मांसाच्या रश्श्यात जिभेला जी भरीव, रेंगाळणारी चव लागते ती हीच. अळंबीत ग्लुटामेट भरपूर असते. सारांश, अळंबीची चव मटणाची, पण प्रथिने भाजीची.

'ब-१२' या जीवनसत्त्वाबद्दलही असाच गैरसमज आहे. दिवसाला सुमारे २ मायक्रोग्रॅम गरज असताना बटण अळंबीतून १०० ग्रॅममागे त्याचा पन्नासावा हिस्साही क्वचितच मिळतो. शाकाहारी माणसाने त्यासाठी दूध-दह्यावर आणि गरज असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यावर अवलंबून राहावे. 'ड' जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र निराळी. अंधारात वाढलेल्या अळंबीत ते जवळजवळ नसते. पण तिच्यातील एर्गोस्टेरॉल या द्रव्यावर ऊन पडले की त्याचे 'ड-२' जीवनसत्त्व बनते. अळंबीचे काप करून शिजवण्यापूर्वी भर दुपारच्या उन्हात अर्धा-एक तास ठेवले तर हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. खर्च काहीच नाही.

एका भांड्याचा हिशेब

सहा जणांसाठी घरी करावयाच्या कॅसरोलचा हिशेब मांडू. अळंबी अर्धा किलो, फरसबी पाव किलो, दूध अर्धा लिटर, बिनमिठाचे लोणी ३० ग्रॅम, मैदा किंवा कणीक ३० ग्रॅम, एक मोठा कांदा, चमचाभर तेल, मिरपूड, लसूण आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. अळंबी मोठ्या आचेवर परतून तिचे पाणी आटवावे, नाहीतर रस पातळ होतो. लोण्यात पीठ परतून दूध थोडे थोडे घालावे, त्यात वाफवलेली फरसबी व अळंबी मिसळून वर तळलेला कांदा पसरावा आणि ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सियसवर २५ मिनिटे ठेवावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात झाकण ठेवून, तव्यावर मंद आचेवरही होतो. फक्त वरचा थर कुरकुरीत होत नाही.

यातून माणशी सुमारे १६० उष्मांक आणि साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यांपैकी अळंबीचा वाटा अडीच ग्रॅमच्या आसपास आणि तितकाच दुधाचा. माणशी सुमारे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, ते मुख्यतः दुधामुळेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. साडेसहा ग्रॅम हा त्याचा जेमतेम आठवा हिस्सा झाला. तेव्हा नुसत्या अळंबीच्या कॅसरोलवर जेवण भागत नाही. अमेरिकन गृहिणी त्यात ट्यूना मासा, कोंबडी किंवा शेवया घालतात, ते याचसाठी. आपण त्यात २०० ग्रॅम काबुली चणे भिजवून, शिजवून घातले तर प्रथिनांचा आकडा माणशी साडेबारा ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास दुप्पट होतो. उकडलेली अंडी किंवा पनीरही चालेल.

मिठाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अळंबीत सोडियम नाममात्र असते. पण बाजारातील आटवलेल्या मलईदार सूपच्या अर्ध्या कपात सुमारे ८५० मिलिग्रॅम आणि पूर्ण डब्यात २,००० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने एका प्रौढासाठी संपूर्ण दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, इतकीच सांगितली आहे. डबा सहा जणांत वाटला तरी सोया सॉस आणि तळलेला तयार कांदा धरून एका वाढपात दिवसाच्या मर्यादेचा सुमारे चौथा हिस्सा संपतो, आणि हा जेवणातील केवळ एक पदार्थ! वर दिलेल्या घरगुती कृतीत तो निम्म्यावर येतो. ज्या घरात रक्तदाबाचा रुग्ण आहे, तेथे हा फरक औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. दूध पचत नसेल त्यांनी बेताने खावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमबाबत डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडील अळंबी

आपल्या देशात अळंबीला मान आणि अव्हेर दोन्ही मिळाले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्याबरोबर भूछत्रही द्विजांना वर्ज्य सांगितले आहे. पण पावसाळ्यात रानावनात आणि शेतात राबणाऱ्यांनी ती आवडीने खाल्ली. गोव्यात वारुळावर उगवणाऱ्या अळमीची लोक वर्षभर वाट पाहतात. बौद्ध वाङ्मयातही एक उल्लेख येतो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात पावा येथील चुंद या कारागिराने भगवान बुद्धांना वाढलेल्या भोजनात 'सूकरमद्दव' होते. त्याचा अर्थ कोणी कोवळे डुकराचे मांस, कोणी वेळूचे कोंब, तर कोणी अळंबी असा लावतात. अट्ठकथाकारांच्या काळापासूनच त्याविषयी मतभेद आहेत. अर्थ कोणताही घ्या, पुढचा भाग महत्त्वाचा. चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याचे दान संबोधीपूर्वी मिळालेल्या भोजनाइतकेच श्रेष्ठ आहे, असे सांगण्याची व्यवस्था बुद्धांनी आनंदाकरवी केली. वाढणाऱ्याच्या मनाची एवढी काळजी घेतलेली अन्यत्र क्वचितच आढळेल.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली. रानातील अनोळखी अळंबी कधीही खाऊ नये. काही विषारी जातींतील विष शिजवून, वाळवून किंवा उकळलेले पाणी ओतून देऊनही जात नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, किड्यांनी खाल्लेली असणे या खुणा खोट्या आहेत. 'डेथ कॅप' या अत्यंत घातक जातीची लक्षणे बहुधा सहा तासांनंतर किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. मध्ये बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. शंका येताच, बरे वाटत असले तरी, रुग्णालयात जावे आणि अळंबीचा उरलेला तुकडा सोबत न्यावा. लागवडीची बटण किंवा धिंगरी अळंबी सुरक्षित असते. धिंगरी तर भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर घरच्या घरीही वाढवता येते.

दुसरी. दुधाचा दाट पदार्थ लवकर नासतो. कॅसरोल बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. चपात्यांच्या डब्यात तो कोमट राहतो, आणि ६० अंशांच्या खाली आलेले कोमट अन्न हीच जंतूंच्या वाढीची जागा असते. समारंभासाठी आधी करावयाचा असल्यास उथळ भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि वाढण्यापूर्वी वाफा येईपर्यंत पुन्हा तापवावा.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर या पदार्थात प्रत्येकाचे काम वेगळे आहे. अळंबी चव आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे देते, दूध कॅल्शियम व 'ब-१२' देते, चणे किंवा अंडी प्रथिनांची भर घालतात. एकट्या अळंबीकडून सर्वच मागू नये. मंदीच्या काळात अमेरिकन गृहिणींनी एका डब्यात सहा माणसे जेवू घातली आणि शेजारच्या दुःखी घरीही भांडे पोचवले. त्यांचा हा गुण घ्यावा. मीठ मात्र आपण आपल्या हाताने, बेताने घालावे. सामुदायिक भोजनात एखादे वेळी चणे घातलेला अळंबीचा कॅसरोल ठेवून पाहावा. वृद्धांना तो चावायला सोपा आणि मुलांनाही आवडण्यासारखा आहे.